खारवट्याच्या पंगतीतल्या आडव्या काड्या

ताई, त्या काड्या भातातून काढा आधी. हळूच काढा आणि पानापुढे आडव्या ठेवा, होत्या तशा. फोटो काढायचा असेल तर आडव्या काड्यांचा काढा, माझी काही हरकत नाही. मी एकदम हात धरला म्हणून दचकलात, पण राग मानू नका. एकतीस वर्षे इथल्या शाळेत शिकवले, तेव्हा हात धरायची सवय काही जात नाही. गावात मला कुमुदबाई म्हणतात. वाढपी आज सावकाश आहेत आणि कढीला अजून फोडणी बसायची आहे, तोवर हे काय प्रकरण आहे ते सांगते.

खारजाईच्या देवळात नारळी पुनवेला जेवायला बसलात की प्रत्येक पानापुढे तुमच्याकडे बाजू करून बांबूच्या दोन काड्या आडव्या ठेवलेल्या असतात. पहिल्या चार घासांची शिते त्या काड्यांनी उचलायची. सांडली तर सांडली, हसणारे हसतात. मग खुशाल हाताने जेवा. कढीचा द्रोण मात्र दोन्ही हातांनी तोंडाशी न्यायचा आणि भुरका ऐकू आला पाहिजे. पुण्याहून आलेल्यांना हे जड जाते, मला माहीत आहे. काडीने उचललेला घास दुसऱ्याच्या काडीत द्यायचा नाही. द्यायचाच तर त्याच्या पानात ठेवायचा. आणि काड्या भातात उभ्या करायच्या नाहीत. बाकी काही चुकले तर आम्ही डोळेझाक करतो, ह्या एका गोष्टीकडे नाही. शेजारच्या गावचे लोक आम्हाला काडीवाले म्हणून चिडवतात. त्यांना चिडवू दे.

ही रीत एका पावण्याची आहे. तो जपानचा होता, पण हे गावाला फार उशिरा कळले. ते कसे कळले तेही सांगेन. तेव्हा जपान हे नावही इथे कोणी ऐकलेले नव्हते. किती वर्षे झाली म्हणाल तर कोणी चारशे सांगतो, कोणी तीनशे. फिरंग्यांची गलबते ह्या किनाऱ्यावरून जात होती त्या काळातली गोष्ट, एवढेच सगळे एकमुखाने सांगतात.

असे सांगतात की वैशाख संपता संपता एक वादळ झाले आणि फिरंग्यांचे एक गलबत ह्या समोरच्या खडकांवर फुटले. सकाळी वाळूवर फळकुटे होती, दोर होते, आणि एक माणूस होता. बाकी कोणी जिवंत आले नाही. त्या माणसाच्या दोन्ही मनगटांना लोखंडी कड्यांचे वळ होते, चांगले बोटभर रुंद. म्हणजे तो गलबतावर खलाशी म्हणून नव्हता, बांधून नेलेला होता. कुठे न्यायचे होते आणि कशासाठी, हे विचारायला कोणाकडे भाषा नव्हती. त्याचे नावही कोणाला नीट उच्चारता येईना. मग गाव त्याला पावणाच म्हणू लागले आणि तेच नाव राहिले.

त्याला उचलून घरी नेले ते आवडीने. आवडी गाबतीण होती, मासेमारी करणाऱ्यांतली, विधवा, घर अगदी पुळणीला, किनाऱ्याच्या वाळूला लागून. तिचा एकुलता एक मुलगा भिवा चार वर्षांपूर्वी समुद्रावर गेला होता. वारा पडलेला, पाणी तळ्यासारखे शांत, असा दिवस होता म्हणे. संध्याकाळी होडी सापडली खाडीच्या तोंडाशी, वल्ही जागच्या जागी बांधलेली. भिवा सापडला नाही. देह सापडला नाही म्हणून आवडीने त्याचे काहीच केले नाही. पिंड पाडला नाही, डोके आपटून रडली नाही. बायका समजावायला आल्या की त्यांना पाणी द्यायची आणि विषय बदलायची.

रोज दुपारी ती चुलीपाशी दोन पाने मांडायची, एक स्वतःचे आणि एक भिवाचे. भिवाच्या पानावर भात, कालवण, असेल तर तळलेला तुकडा, सगळे गरम वाढायची आणि समोर बसून जेवायची. मग त्याच्या पानातले उचलून गाईला घालायची, कधी कुत्र्याला. कावळ्याला मात्र तिने ते कधीच घातले नाही. कावळा आसपास दिसला तर काठी घेऊन धावायची. गाव हे सगळे पाहत होते आणि मनात म्हणत होते, ही बाई एक दिवस वेडी होणार.

पावणा आला आणि चुलीपाशी तिसरे पान मांडले गेले. भिवाची जागा त्याला दिली नाही, हे लक्षात ठेवा.

आठवडाभराने तो उठून बसला. तिने पेज दिली करवंटीतून. त्याने आधी दोन्ही हात जोडून मान खाली घातली, काहीतरी पुटपुटला, मग करवंटी दोन्ही हातांनी उचलली आणि असा काही भुरका मारला की आवडीला हसू आले. चार वर्षांत ती पहिल्यांदा हसली, असे सांगतात. पेज आवडली हे सांगायला त्याला तेवढीच एक भाषा येत होती. करवंटीत एक शीत राहिले नाही.

थोडा चालता-फिरता झाला तेव्हा त्याने कुंपणातला बांबू घेतला आणि दोन काड्या तासल्या. वीतभराहून थोड्या मोठ्या, टोकाला निमुळत्या. त्यांनी तो जेवू लागला. भात, मासा, अगदी बारीक सुकटसुद्धा त्या दोन काड्यांत धरायचा. पोरे बघायला जमायची. बायकांना मात्र ते खटकले. पाणवठ्यावर एकीने विचारलेच, “गे आवडे, तुझो पावणो जेवणाक हात कित्याक लावणा नाय? आमचा जेवाण काय इटाळलेला आसा?”

अन्नाला हात लावायचा नाही म्हणजे अन्नाची किळस, असाच आपण अर्थ घेणार. खरे कारण आवडीलाही ठाऊक नव्हते. पण देवळाचा गुरव एकदा तिच्याकडे नारळ मागायला आला आणि पावणा जेवत होता. मधोमध सुकटीचे मडके होते. पावण्याने मडक्यातून घ्यायच्या आधी काड्या उलट्या केल्या आणि तोंडाला न लागलेल्या टोकांनी सुकट आपल्या पानात घेतली. मग पुन्हा सुलट करून जेवू लागला. गुरव उभ्या उभ्या बघत राहिला. उष्ट्याखरकट्यावरून आयुष्यभर दुसऱ्यांशी भांडलेला माणूस तो. गावात जाऊन सांगू लागला की आपल्या पोरांपेक्षा हा सोवळा आहे. तेव्हापासून पाणवठ्यावरची बोलणी जरा कमी झाली.

आवडीनेही काड्या धरायला शिकून घेतल्या. एकदा तिने गमतीने बांगड्याचा काटे काढलेला तुकडा आपल्या काड्यांत धरला आणि त्याच्या काड्यांपुढे केला. पावण्याने काड्या खाली ठेवल्या. करवंटी पुढे केली. तिने तुकडा करवंटीत टाकला, त्याने मान लववली आणि खाल्ला. तिला वाटले, असेल काही लाज.

आणि त्याच सुमारास आणखी एक गोष्ट घडली. सगळी गोष्ट त्यावरच आहे. एका संध्याकाळी पावणा आपल्या वाटचा भात न जेवता तसाच घेऊन पुळणीवर गेला. आवडी दारातून पाहत होती. त्याने करवंटीत भात दाबून गोल केला, अगदी आपण मूद पाडतो तसा. त्या मुदीवर दोन्ही काड्या उभ्या रोवल्या. करवंटी समुद्राकडे तोंड करून खडकावर ठेवली, वाळूत गुडघे टेकले आणि कपाळ जमिनीला लावले. बराच वेळ तो तसा होता. भरतीचे पाणी आले आणि भात घेऊन गेले, मग तो काड्या धुऊन घरी आला. त्या दिवशी तो जेवला नाही.

आवडीने आपल्या परीने अर्थ लावला. मूद आहे, नमस्कार आहे, उपास आहे, तेव्हा हा नैवेद्य. ह्यांच्या मुलखात सगळ्यात मोठा मान द्यायचा असला की काड्या अशा उभ्या करत असणार. तुम्ही असता तर तुम्हीही हेच समजला असता. आपणही भाताची मूद देवापुढेच ठेवतो की!

आता गावकराचे सांगते. दुलबाजी गावकर त्या वेळी गावचा मानकरी होता. माणूस वाईट नव्हता, पण गावाची काळजी वाहणारा होता. फिरंग्यांचे ठाणे इथून होडीने एका दिवसावर. त्यांना कळले की त्यांचा बांधलेला माणूस खारवट्यात लपला आहे, तर ते गाव जाळतील, ही भीती त्याला होती आणि ती काही खोटी नव्हती. पण वाहून आलेल्याला परत लोटायचे पाप त्याला नको होते. मग त्याने सगळ्यांसमोर देवळात निकाल दिला. “पुनवेक पंगतीत बसान नीट जेवलो, तर गावचो. मगे फिरंगी इले तर गाव बघून घेयत. नायतर पयल्या होडयेन तेंच्याकडे.”

नारळी पुनवेची पंगत म्हणजे देवीची पंगत. यजमान ती स्वतः. त्या पंगतीत बसलेला माणूस गावचा, त्याच्यासाठी गाव भांडणार. आणि त्या पंगतीचा एकच कडक नियम होता, आजही आहे. जेवायला लागल्यावर गावकर उठेपर्यंत कोणी उठायचे नाही. अर्ध्या पानावरून एक जण जरी उठला तरी पंगत मोडली. मग सगळ्यांनी हात आखडायचे. देवीच्या तोंडावर अन्न फेकल्यासारखे ते.

आवडीला आता एकच ध्यास लागला. हा माणूस परत बेड्यांत जाता कामा नये. पोटचा एक समुद्राने नेला, हा समुद्राने दिलेला तरी राहू दे, असे ती देवीला रोज म्हणायची. पुनव येईपर्यंत तिने त्याला रोज पंगत शिकवली. तो टाचांवर बसायचा, त्याला मांडी घालायला लावली. डावा हात मांडीवर ठेवायला शिकवले. ती रिकामे पान मांडायची, स्वतः गावकर होऊन समोर बसायची आणि तो उठायला लागला की दोन्ही खांद्यांवर हात दाबून बसवायची. “उठाचा नाय,” एवढे दोन शब्द त्याने शंभर वेळा ऐकले असतील. आपली भाषाही तो थोडी थोडी बोलू लागला होता. त्याला पुनवेचे महत्त्व कळले होते. फिरंगी हा शब्द ऐकला की तो मनगटे चोळायचा.

पुनव आली. दुपारी ह्याच अंगणात पंगत बसली. पुरुष रांगेने बसले, बायका वाढायला. पावण्याला जागा दिली टोकाला, पण रांग तीच होती. आवडीने गावकराची परवानगी काढली की पावण्याचे पान तिने स्वतः वाढावे. तिला वाटत होते, सगळ्या गावाने बघावे की हा कोणी भणंग नाही, ह्याच्याही मुलखात मानाची रीत आहे. तिने मीठ वाढले, लिंबू वाढले, भाजी, उसळ. वाटीने भाताची सुबक मूद पाडली. वर वरण, वर तूप. आणि त्या मुदीवर पावण्याच्या दोन काड्या, जशा तिने पुळणीवर पाहिल्या होत्या, तशा नीट सरळ उभ्या रोवल्या. एक पाऊल मागे होऊन तिने हातही जोडले म्हणे.

गावकराने पहिला घास घेतला. पंगत जेवू लागली.

पावणा पानाकडे बघत होता. मग तो उठला.

विचार करा काय झाले असेल. दोनशे हात जागच्या जागी थांबले. कोणाचा घास तोंडात होता तो तसाच राहिला. आवडी धावली, त्याच्या खांद्यांवर हात ठेवून दाबू लागली, “बस रे, बस, उठाचा नाय”. पण तो बसेना. गावकराचा संताप समजण्यासारखा होता. ह्याला माहीत नव्हते असे नव्हते, दोन महिने पढवलेला होता. सगळ्या गावासमोर त्याने एकच गोष्ट मोडली आणि नेमकी तीच मोडली. गावकर ओरडला, “होडी काढा! आत्ताच्या आत्ता!”

दोघे जण पावण्याला धरायला उठले. तेव्हा त्याने पानाकडे बोट केले आणि बोलला. अडीच महिन्यांत जमवलेले मोडकेतोडके शब्द होते, पण सगळ्यांना स्वच्छ ऐकू आले. “ह्यो भात मेल्ल्यांचो. मिया जितो.”

परत म्हणाला, “मिया जितो.”

कोणाला काही कळले नाही. आवडीला कळले. ती पुळणीवरची संध्याकाळ तिच्या डोळ्यांसमोर उभी राहिली. तो नैवेद्य नव्हता. बरोबर बांधलेले, खडकावर गलबत फुटून गेलेले त्याचे जोडीदार होते, त्यांना त्याने जेवू घातले होते. मेलेल्याचा भात असा वाढतात त्यांच्याकडे. आणि तिने तो जिवंत माणसापुढे ठेवला होता, सगळ्या गावासमोर, हात जोडून! तो बिचारा काय समजला असेल? की ह्या लोकांनी आपल्याला मेलेल्यांत जमा केले. आज मारणार, नाहीतर बेड्यांत देणार, दोन्ही एकच.

ती म्हणाली, आणि हे शब्द गावात आजवर कोणी बदललेले नाहीत, “गावकरांनो, चूक माझी. चार वर्सां मेल्ल्याक जित्याचा पान वाढलंय. आनी आज जित्याक मेल्ल्याचा.”

चार वर्षांत तिने भिवाला मेलेला म्हटले ते पहिल्यांदा. ते कोणाच्या समजावण्याने झाले नाही, कोणाच्या दटावण्याने नाही. परक्या मुलखाची एक जेवायची रीत तिला उशिरा कळली, त्याने झाले.

तिने वाकून ती मूद पानाच्या तुकड्यासकट उचलली, काड्या उभ्या होत्या तशाच, आणि अंगणातून चालू लागली. वाट कोणी अडवली नाही. देवळाच्या मागे तो खडक आहे ना, जेवण झाल्यावर दाखवीन, तिथवर ती गेली. भात समुद्राकडे तोंड करून ठेवला. काय बोलली ते कोणी ऐकले नाही. सांगणारे आपापले शब्द घालतात, माझ्या सासूबाई तर चांगले पाचदहा वाक्यांचे भाषण करायच्या. मी घालत नाही. ती रडली, एवढे मात्र इथवर ऐकू आले म्हणे.

इकडे पंगत बसून होती. जेवता येईना, उठता येईना. हात वाळले, तूप थिजले, भात गार झाला. पावणा उभाच होता. ज्या दोघांना त्याला धरायला सांगितले होते तेही नुसतेच त्याच्या शेजारी उभे होते. एवढ्या माणसांत एक मूल रडले नाही, असे सांगतात. ते मला खरे वाटत नाही, पण सांगतात.

आवडी समुद्रात बुडी मारून ओल्या लुगड्याने परत आली. अंगणाच्या बाहेरच थांबली. “माका सुतक लागला,” ती म्हणाली. “माझ्या हातचा आता चलाचा नाय. ह्येका पान कोण वाढता?”

पान वाढायचे म्हणजे तो गावचा झाला. न वाढायचे म्हणजे होडी. इतर बायका गावकराकडे बघू लागल्या. सगळी रांग त्याच्याकडे बघू लागली. आणि पानावरून कोणी उठायचे नाही हा नियम ज्याने आयुष्यभर राखला, तो दुलबाजी गावकर आपल्या पानावरून उठला.

“सरा,” तो म्हणाला. “मी वाढतंय.”

त्याने नवे पान घेतले. हाताने पुसले. मानकऱ्याला वाढायची कुठली सवय, मीठ भलतीकडे पडले, भाताची मूद मोडकी पडली. नव्या काड्या तासायला वेळ नव्हता, म्हणून गुरवाने तोरणाच्या बांबूच्या दोन काड्या काढून दिल्या. गावकराने त्या हातात घेतल्या आणि पावण्याकडे पाहिले. पावण्याने तळहात आडवा करून दाखवला. गावकराने काड्या पानापुढे आडव्या ठेवल्या.

पावणा बसला. त्याने हात जोडले, मान खाली घातली. पण काड्यांना हात लावायच्या आधी तो गावकराच्या पानाकडे बघू लागला. गावकराला कळायला थोडा वेळ लागला. मग तो आपल्या जागी जाऊन बसला आणि गार झालेल्या भाताचा घास घेतला. तेव्हा कुठे पावण्याने काड्या उचलल्या. पंगत पुन्हा सुरू झाली. कढीचा द्रोण हातात आला तेव्हा त्याने जो भुरका मारला, तो अंगणाबाहेर ओल्या लुगड्याने बसलेल्या आवडीपर्यंत गेला. रांगेतल्या एका म्हाताऱ्याने त्याच्यामागे भुरका मारला, मग दुसऱ्याने. लोक हसत होते आणि डोळे पुसत होते.

फिरंगी आले की नाही, ह्याबद्दल दोन मते आहेत. आले आणि गावकराने त्यांना सांगितले की तो माणूस मेला, त्याचा भातही आम्ही समुद्राला दिला, असे काही जण सांगतात. मला ती नंतरची भर वाटते. पावणा मात्र इथेच राहिला. होड्या दुरुस्त करायचा. आवडीला तो आये म्हणायचा. तिचे सुतक फिटले त्या दिवशी चुलीपाशी दोनच पाने मांडली, तिचे आणि त्याचे. पुढे तीही गेली, मग कितीतरी वर्षांनी तो गेला. तो गेला तेव्हा त्याच्या भातात काड्या कशा ठेवायच्या ते कोणाला शिकवावे लागले नाही.

तो जपानचा होता हे कसे कळले, ते सांगायचे राहिले. मी शाळेत शिकवत होते तेव्हा एक जपानी बाई आल्या होत्या खाडीतली कांदळाची झाडे बघायला. फुमिकोबाई त्यांचे नाव. पुनवेच्या दिवशी देवळामागे फिरत होत्या आणि खडकावर उभ्या काड्यांचा भात दिसला. मी हाक मारायला गेले तर त्या गुडघ्यांवर बसलेल्या. नंतर इंग्रजीत मला विचारू लागल्या, हे तुम्हाला कोणी शिकवले? काडीतून काडीत घास का द्यायचा नाही, हेही त्यांनीच सांगितले. त्यांच्याकडे दहनानंतर अस्थी वेचतात त्या काड्यांनी, आणि एकाच्या काडीतून दुसऱ्याच्या काडीत देतात. आम्ही इतकी वर्षे हे पाळत होतो आणि का ते ठाऊक नव्हते. त्या दिवशी फुमिकोबाईंनी पंगतीत बसून कढीचा असा भुरका मारला की मुलांनी टाळ्या वाजवल्या.

तर ताई, म्हणून तुमचा हात धरला. तुम्ही जित्या आहात आणि देवीच्या पंगतीत बसला आहात.

आजही पंगतीचे वाढप टोकाच्या पानापासून सुरू होते आणि ते पहिले पान मानकरी स्वतः वाढतो. आजही सगळी पाने वाढून झाली तरी कोणी लगेच घास घेत नाही. आता थोड्या वेळात बघाल. ज्या घरचा माणूस समुद्रावरून परत आला नाही, त्या घरची बाई उठते, मूद घेते, त्यात काड्या उभ्या करते आणि खडकाकडे जाते. ती परत येईपर्यंत सगळे थांबतात. पाच मिनिटे लागोत, तास लागो, तुमच्या पोटात कितीही कावळे ओरडोत, थांबायचे. कधी एखादी बाई खडकापर्यंत जाते आणि भात तसाच हातात घेऊन परत येते. ठेववत नाही. तिला कोणी काही विचारत नाही. ती काड्या काढून आडव्या ठेवते, भात आपल्या पानात घेते आणि जेवते, आणि पुढच्या पुनवेला पुन्हा उठते. माझा धाकटा भाऊ सदानंद मासेमारीच्या बोटीवर गेला तो आला नाही. मी तीन वर्षे भात परत आणला. चौथ्या वर्षी ठेवला.